‘तुका कोणी सांगितल्यान?’ : उडणाऱ्या माणसाचं वार्ताहरकीतलं पहिलं वर्ष

मला उडता येतं. शिवाय लांबचं ऐकू येतं, रत्नागिरीच्या मिऱ्या डोंगरावर उभा राहिलो तर पार पावस गावापर्यंतचं. हे एकदा सांगून टाकतो, पुढे कामाचंच बोलायचं आहे. जिल्हा पातळीवरच्या दैनिकात नव्याने लागणाऱ्यांना माझ्या चुका उपयोगी पडतील म्हणून हे लिहितोय. उडता येत नसेल तर उत्तमच, एक व्याप कमी.

रत्नागिरीतल्या एका दैनिकाच्या कचेरीत माझी मुलाखत झाली. दोनच प्रश्न. ‘दर्पण’चा पहिला अंक कधीचा? ६ जानेवारी १८३२. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव कोणतं? पोंभुर्ले. मुख्य उपसंपादक भाऊ पोंभुर्ल्याच्याच देवगड तालुक्यातले, त्यामुळे दुसऱ्या उत्तरावरच नोकरी पक्की झाली. अंगात काही विशेष आहे का, असं विचारलं तर काय सांगायचं ते मी एसटीतच ठरवून ठेवलं होतं : टायपिंग येतं.

लपवायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. लहानपणी मी घराच्या कौलांवरून आंब्यावर जायचो, तेव्हाच आईने दम भरला होता. गावात कुणी पाहिलं तर उद्या देवळात कौल लावायला बसतील, आणि त्या कौलात काय निघेल ते सांगता येत नाही. सुपरमॅनचं, म्हणजे वार्ताहर क्लार्क केंटचं, १९३८ पासून चष्म्यावर भागलं. रत्नागिरीत चष्म्याने कोणी फसत नाही. ‘कोणाचा रे तू?’ इथून सुरुवात करून माणसं पाच मिनिटांत तुमच्या आजोळापर्यंत पोचतात.

पहिले दोन महिने निधनवार्ता. नवीन माणसाला हे काम कमीपणाचं वाटतं, मलाही वाटलं. पण अख्ख्या अंकात डोळ्यांत तेल घालून वाचला जाणारा मजकूर तोच असतो. आपल्याकडे एका गावात दहा वाड्या आणि निम्म्या गावाचं आडनाव एक. मधलीवाडीऐवजी वरचीवाडी छापली की सकाळी सातला जिवंत माणसाचा फोन येतो. ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे’ असं लिहून मी एकदा सासरी गेलेली मुलगी गाळली. तिने मुंबईहून फोन केला. ओरडली नाही. ‘मी पण होते’, एवढंच म्हणाली.

पावसाळ्यात रोजचा पावसाचा तक्ता नवीन माणसाच्याच गळ्यात पडतो. आकडे सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचे असतात, ‘काल दिवसभरात’ असं लिहू नका. हवामान खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. आपल्याला खिडकीतून काय दिसतं त्याला किंमत नाही. एका रात्री मी खेडवर घिरटी घालून आलो आणि जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली असं ठोकून दिलं. नियंत्रण कक्षाला फोन केला तर पाणी ६.८० मीटरवर होतं. धोक्याची पातळी ७. वरून काळोखात २० सेंटिमीटर दिसत नाहीत.

आता होडीची गोष्ट. ऑगस्टचा पहिला आठवडा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी नुकती उठलेली, बंदरावर खराब हवामानाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा, तरी काही नौका बाहेर होत्याच. रात्री टेबलाशी बसल्या बसल्या मला समुद्रातून ऐकू आलं : इंजिन खोकत बंद पडलं, तांडेलाने (नौकेच्या कप्तानाने) आधी देवाचं नाव घेतलं, मग इंजिनाच्या आईचं, आणि वायरलेसवर नौकेचं नाव सांगितलं. मी चौदा ओळी लिहून भाऊंपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मालवणीत विचारलं :

‘तुका कोणी सांगितल्यान?’

‘ऐकलं.’

‘कोणाकडसून?’

मी गप्प.

‘ह्या नावाची होडी म्हणजे कोणाची? अशी चार आसत. जा, इचारून ये.’

आधी तटरक्षक दलाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला फोन केले (बातमी राहिली तरी चालेल, हे आधी). मग मिरकरवाडा बंदर गाठलं. त्या नावाच्या चार नौका खरंच होत्या, आणि मी मालक म्हणून ज्याचं नाव लिहिलं होतं त्याची नौका धक्क्यालाच बांधलेली होती. माझी बातमी तशीच गेली असती तर साखरतरच्या एका घरात सकाळी विनाकारण रडारड झाली असती. पहाटे दुसऱ्या नौकेने ती बंद पडलेली ओढून आणली. पाच खलाशी, पाचही सुखरूप. मी नोंदणी क्रमांक उतरवून घेतला, तांडेलाशी बोललो, मालकाशी बोललो. छापून आल्या सहा ओळी. त्या सहा ओळींबद्दल आजवर कुणी खुलासा मागितलेला नाही.

भाऊंचा तो प्रश्न मला पहिले सहा महिने छळवाद वाटायचा. मला कळलेलं असायचं आणि तरी उन्हातान्हात तलाठ्याच्या दारात बसायला लागायचं. पण कान आवाज आणतात, तो कोणाचा आणि कशाबद्दल ते आणत नाहीत. पोलीस स्टेशनच्या भिंतीपलीकडचं तर मला सगळंच ऐकू येतं. त्यातलं बरंचसं ऐकूनही लिहायचं नसतं. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे. नाव नाही, शाळा नाही, घर नाही. आणि ‘अमुक वाडीतील’ असं लिहिलं तरी आपल्याकडे ओळख पटतेच.

हातखंब्याच्या बाजूला झालेल्या एका अपघातातल्या मुलाला रात्री जिल्हा रुग्णालयात आणलं होतं. मी बाहेर पायरीवर. आतले ठोके ऐकत होतो, ऐकायचे नव्हते तरी. दहा वाजून पन्नास मिनिटांनी ते थांबले. बाकड्यावर त्याची आई बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याची एक चप्पल. तिने विचारलं, ‘आतलं काय कळलं का हो?’ मी म्हटलं, डॉक्टर येऊन सांगतील. तेवढ्यात कचेरीतून फोन : डाक आवृत्तीचं (बाहेरगावी आधी जाणाऱ्या अंकाचं) पान सोडायचंय, आकडा सांग. मी ‘एक गंभीर’ सांगितलं. डॉक्टर साडेअकराला बाहेर आले. राजापूरकडे गेलेल्या अंकात तो गंभीर होता, शहर आवृत्तीत मृत. मृत्यू डॉक्टरांनी सांगितल्यावरच लिहायचा, आणि घरच्यांना कळल्यावरच नाव. ती चाळीस मिनिटं मी तिच्या शेजारी बसून होतो, हे मात्र कुठल्या नियमात नाही.

प्रवासखर्चाचंही सांगायला हवं. चिपळूण रत्नागिरीपासून सुमारे ९० किलोमीटर. महामार्गाची कामं चालू असताना किती वेळ लागतो ते कचेरीत प्रत्येकाला पाठ. मी एकदा तिथली सभा उरकून अर्ध्या तासात टेबलावर हजर झालो आणि चहावाल्या पोराने ‘दादा, गेलाच नाहीत?’ म्हणून विचारलं. पुढे मी परतण्याआधी परशुरामाच्या डोंगरावर दोन-दोन तास बसून राहायला लागलो. बरं, एसटीचं तिकीट नाही म्हणून प्रवासखर्च मागायची सोय नाही, आणि मागत नाही म्हणून लेखा विभागाला संशय. शेवटी एसटीनेच जायला लागलो. निम्म्या बातम्या मला एसटीतच मिळाल्या.

आता खरी चूक. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, एक किनारा. पुण्याकडचा एक मुलगा ओढीत सापडला. मी लाटेच्या आडोशाने गेलो, त्याला कंबरभर पाण्यात आणून सोडलं आणि सुरूच्या बनात गडप झालो. पुढचं सगळं दोन जीवरक्षकांनी आणि एका शहाळेवाल्याने केलं : छाती दाबली, पाणी काढलं, रिक्षा करून आरोग्य केंद्रात नेलं. संध्याकाळी मी तसाच कचेरीत आलो आणि चार कॉलम बातमी लिहिली, ‘अज्ञात तरुणाच्या धाडसाने पर्यटक बचावला’. भाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, लोकांनी. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बातमी सोडली.

मंगळवारी ते दोघे जीवरक्षक अंकाची घडी घेऊन आले. ‘यात आम्ही कुठे आहोत?’ कुठेच नव्हते. मग ते बोलले. मानधन तीन महिने थकलेलं, दोघांत एकच रिंग, दोर जुना, शिट्ट्या स्वतःच्या पैशाने आणलेल्या. त्या किनाऱ्यावरून मी कित्येक वर्षं उडत होतो. त्यांच्या झोपडीचं छप्पर मला पाठ होतं, खालचं यातलं काही माहीत नव्हतं.

बुधवारी त्यांची नावं, शहाळेवाल्याचं नाव आणि थकलेल्या मानधनाची चौकट, असं सगळं पहिल्या पानावर गेलं. पान लावून झाल्यावर भाऊ म्हणाले, ‘आणि तो अज्ञात तरुण?’

‘सापडला नाही.’

‘बरा.’ ते प्रूफमधून वर न बघता म्हणाले, ‘शर्ट तरी सुकलो काय त्येचो?’

तेव्हापासून माझ्या बॅगेत एक जादा शर्ट असतो. पावसाळ्यात तुम्हीही ठेवा.