कुत्र्याला ॲजिलिटी आणि आज्ञापालनाच्या स्पर्धेसाठी कसे तयार करावे

ॲजिलिटी म्हणजे हँडलरच्या, म्हणजे कुत्र्यासोबत धावणाऱ्या माणसाच्या, इशाऱ्यांवर कुत्र्याने अडथळे ठरलेल्या क्रमाने वेगात पार करण्याची शर्यत. तिच्या मैदानात कुत्रा पळत असतो तेव्हा त्याला दोरी बांधलेली नसते, हँडलरच्या हातात खाऊ नसतो आणि समोरची अडथळ्यांची मांडणी त्या कुत्र्याने आधी कधीही पाहिलेली नसते. अशा वेळी त्याला योग्य अडथळ्याकडे नेणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे हँडलरकडे लक्ष ठेवण्याची आणि त्याचा इशारा समजून घेण्याची सवय. ही सवय आज्ञापालनाच्या सरावातून लागते. म्हणूनच या दोन खेळांची तयारी एकत्र करावी आणि सुरुवात अडथळ्यांपासून करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही खेळांचा इतिहास फार जुना नाही. हेलन व्हाइटहाउस वॉकर या पूडल जातीचे कुत्रे पाळणाऱ्या बाईंनी अमेरिकेत १९३३ साली आज्ञापालनाची पहिली चाचणी भरवली आणि १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या नोंदणी संस्थेने हा खेळ आपलासा केला. ॲजिलिटी त्याहून तरुण आहे. लंडनमध्ये १९७८ साली झालेल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मुख्य रिंगणातील मोकळ्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक व्हावी, म्हणून घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांची शर्यत लावण्यात आली. ती लोकांना इतकी आवडली की दोनच वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला अधिकृत मान्यता दिली.

पायरी १ : कुत्र्याचे वय आणि शरीर पाहावे

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा कोवळी असते आणि वारंवार उड्या मारल्याने तिला इजा होऊ शकते. बहुतेक कुत्र्यांमध्ये ही कूर्चा साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान टणक होते, तर मोठ्या अंगाच्या जातींना याहून अधिक वेळ लागू शकतो. एफसीआय या श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ॲजिलिटी स्पर्धेत १८ महिन्यांखालील आणि अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धेत १५ महिन्यांखालील कुत्र्याला प्रवेश मिळत नाही. पूर्ण उंचीच्या उड्या सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यांकडून खुबे, कोपरे, गुडघे आणि पाठ तपासून घ्यावी. वजन आटोक्यात असावे. बरगड्या हाताला सहज लागत नसतील, तर आधी आहार सुधारावा आणि उड्यांचा विचार नंतर करावा. नखे वेळच्या वेळी कापावीत, कारण वाढलेल्या नखांमुळे उडीनंतर पंजा नीट टेकत नाही.

पिल्लाचे वय लहान आहे म्हणून हे महिने वाया घालवण्याचे कारण नाही. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या शिडीच्या पायऱ्यांमधून सावकाश चालणे, मागे सरकणे, पुढचे पाय पाटावर ठेवून मागच्या पायांनी त्याभोवती फिरणे, हे व्यायाम या वयात निर्धोक असतात. कुत्र्याला आपल्या पुढच्या पायांचे भान उपजतच असते, पण मागचे पाय कुठे पडतात याकडे त्याचे फारसे लक्ष नसते. पुढे उंच फळीवरून धावताना हेच भान त्याला सांभाळते.

पायरी २ : खुणेचा शब्द आणि खाऊ

‘हो’ असा एखादा छोटा शब्द किंवा क्लिकरचा, म्हणजे दाबताच टिक् असे वाजणाऱ्या छोट्या डबीचा, आवाज निवडावा आणि तो आवाज झाला की लगेच खाऊ द्यावा. काही दिवसांत त्या आवाजाचा अर्थ ‘आत्ता जे केलेस ते बरोबर’ असा होतो. या पद्धतीचे सगळे मर्म अचूक वेळ साधण्यात आहे. कुत्रा बसत असताना खूण केली तर त्याला बसणे कळते, पण तो बसून पुन्हा उठू लागल्यावर केली तर उठणे कळते. खाऊ मऊ आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा, म्हणजे चावण्यात वेळ जात नाही. ज्या कुत्र्याला खाऊपेक्षा चेंडू किंवा कापडाची ओढाताण अधिक प्रिय असेल, त्याला तेच बक्षीस द्यावे. मात्र ‘सोड’ म्हटल्यावर वस्तू सोडणे आधी शिकवावे.

शिक्षा, झटके आणि ओरडा यांना या खेळांत स्थान नाही, हे मी केवळ दयेपोटी लिहीत नाही. चुकण्याची धास्ती घेतलेला कुत्रा संथ होतो, प्रत्येक अडथळ्यापाशी मान वळवून हँडलरकडे पाहतो आणि स्वतःहून पुढे जाण्याची हिंमत गमावून बसतो. ॲजिलिटीला तर हीच हिंमत लागते.

पायरी ३ : बाजूने चालणे, थांबणे, बोलावल्यावर येणे

आज्ञापालनाच्या रिंगणात कुत्रा हँडलरच्या डाव्या बाजूला चालतो आणि त्याचा खांदा हँडलरच्या पायाच्या रेषेत राहावा लागतो. सुरुवातीला उभे राहूनच डाव्या मांडीपाशी खाऊ द्यावा, म्हणजे ती जागा त्याला आवडू लागते. मग एक पाऊल टाकावे, खूण करावी, खाऊ द्यावा. नंतर दोन पावले, मग पाच. लोक पन्नास पावले चालण्याची घाई करतात आणि त्या ओघात कुत्रा पुढे ओढू लागला किंवा मागे रेंगाळू लागला, तर तेच अंगवळणी पडते. दहा नेमकी पावले पन्नास ढिसाळ पावलांपेक्षा कितीतरी मोलाची असतात. त्यानंतर डावीकडे, उजवीकडे आणि पूर्ण मागे वळणे, गती कमी करणे, गती वाढवणे, थांबल्यावर न सांगता बसणे, असे एकेक घटक स्वतंत्रपणे घ्यावेत आणि शेवटी एकमेकांना जोडावेत.

जागेवर थांबणे शिकवताना वेळ, अंतर आणि आजूबाजूचा गोंधळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाढवू नयेत. अंतर वाढवायचे असेल त्या दिवशी वेळ कमी ठेवावी, आणि बागेत इतर कुत्रे असतील तेव्हा दोन्ही कमी ठेवावे. आणखी एक काळजी घ्यावी, ती म्हणजे थांबलेल्या कुत्र्याकडे आपण परत जाऊन तिथेच बक्षीस द्यावे. दर वेळी त्याला हाक मारून बोलावले तर तो हाकेची वाट पाहत अधीर होतो आणि हळूहळू आधीच उठू लागतो. ॲजिलिटीत सुरुवातीच्या रेषेवर कुत्र्याला बसवून हँडलर दोनतीन अडथळे पुढे जाऊन उभा राहतो, तेव्हा हाच सराव कामी येतो.

आज्ञा एकदाच द्यावी. स्पर्धेत दुसऱ्यांदा सांगावे लागले तर गुण जातात, आणि घरी ‘बैस, बैस, अरे बैस ना’ असे म्हणण्याची सवय लागली की तिसऱ्या शब्दाला बसायचे असते, असा कुत्र्याचा समज होतो.

पायरी ४ : अडथळ्यांची ओळख

उडीचा दांडा आरंभी जमिनीवरच ठेवावा. कुत्रा दोन खांबांच्या मधून जाऊन खांबाला वळसा घालून परत येतो, एवढे पक्के झाल्यावरच दांडा थोडाथोडा वर न्यावा. बोगद्यासाठी लहान, सरळ नळीपासून सुरुवात करावी. एकाने कुत्र्याला नळीच्या तोंडाशी धरावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला वाकून, त्याच्या नजरेला नजर देऊन बोलवावे. नळी घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावाव्यात.

चढउताराच्या अडथळ्यांवर मात्र वेळ द्यावा लागतो. एफसीआयच्या नियमांनुसार ए-फ्रेमचा, म्हणजे दोन उतरत्या फळ्या माथ्याशी जोडलेल्या अडथळ्याचा, माथा जमिनीपासून १.७० मीटर असतो, तर डॉग वॉकची, म्हणजे दोन्ही टोकांना उतार असलेल्या अरुंद पुलाची, केवळ ३० सेंटिमीटर रुंदीची फळी १.२० ते १.३० मीटर उंचीवर असते. या अडथळ्यांच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो आणि उतरताना त्या पट्ट्यावर किमान एक पंजा टेकला नाही तर ५ दोष, म्हणजे दंडाचे गुण, लागतात. वेगात आलेला कुत्रा वरूनच उडी टाकतो आणि त्यात त्याच्या खांद्यांनाही दुखापत होऊ शकते, म्हणून हा नियम आहे. यावर उपाय म्हणजे शेवटापासून शिकवणे. कुत्र्याला उचलून फळीच्या खालच्या टोकावर ठेवावे, पुढचे दोन पाय जमिनीवर आणि मागचे दोन फळीवर अशा स्थितीत थांबल्यास बक्षीस द्यावे, आणि रोज त्याला थोडे अधिक वरून सोडत जावे. अशा रीतीने पूर्ण फळी ओलांडायची वेळ येईपर्यंत उतरणीचा शेवट त्याच्या सर्वांत परिचयाचा झालेला असतो.

सी-सॉची, म्हणजे मधोमध टेकू असलेल्या वरखाली होणाऱ्या फळीची, भीती दोन कारणांनी बसते, पायाखालची हालचाल आणि टोक आपटल्याचा आवाज. ही दोन्ही कारणे वेगवेगळी हाताळावीत. आवाजासाठी टोकाखाली उशी ठेवून ती दिवसागणिक पातळ करावी. हालचालीसाठी जमिनीलगत डुगडुगणाऱ्या छोट्या पाटावर उभे राहायला शिकवावे. एकदा बसलेली भीती निघायला अनेक महिने लागतात, त्यामुळे इथे घाई अजिबात करू नये.

वीव्ह पोल्स, म्हणजे एका रांगेतील उभ्या खांबांमधून आलटूनपालटून वळत जाणे, हा सर्वांत अवघड अडथळा आहे, कारण अशी नागमोडी चाल कुत्रा निसर्गतः कधी चालत नाही. एफसीआयच्या स्पर्धेत ६० सेंटिमीटर अंतरावर १२ खांब असतात आणि पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे राहील, अशाच बाजूने त्याने शिरावे लागते. सुरुवात केवळ दोन खांबांपासून करावी. त्यांच्या मधून गेल्यावर बक्षीस समोर टाकावे आणि मग कुत्र्याला घड्याळाच्या तबकडीवरील आकड्यांप्रमाणे वेगवेगळ्या कोनांतून सोडावे. नंतर चार, सहा आणि शेवटी बारा खांब लावावेत. माझ्या पहिल्या कुत्रीला मी बारा खांब फार लवकर शिकवले, पण तिला नेहमी समोरून आणि तिच्या उजव्या बाजूला चालूनच सोडले. परिणामी पहिल्या स्पर्धेत खांब तिरके आले, मी डाव्या बाजूला होतो, आणि ती दुसऱ्या फटीतून शिरली. तो दोष तिचा नव्हता. तेव्हापासून मी निम्मा सराव खांबांमध्ये शिरण्यावरच खर्च करतो.

पायरी ५ : आपल्या अंगाची भाषा

कुत्रा शब्दांपेक्षा हालचाल आधी वाचतो. आपले पाय, खांदे आणि धावण्याची दिशा जिकडे असेल, तिकडे तो जातो. त्यामुळे तोंडाने ‘बोगदा’ म्हणत खांदे उडीकडे वळवले, तर तो उडीच मारणार. बाजू बदलण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. कुत्र्याच्या पुढे राहून त्याच्याकडे तोंड करत वळणे हा फ्रंट क्रॉस, आणि कुत्रा अडथळ्याकडे झेपावत असताना त्याच्या मागून बाजू ओलांडणे हा रिअर क्रॉस. दोन्ही आधी कुत्र्याशिवाय, मोकळ्या जागेत, पायांना सवय होईपर्यंत करून पाहावेत.

वळणाचा इशारा कुत्रा झेप घेण्यापूर्वी मिळाला पाहिजे. तो हवेत असताना सांगितले तर दिशा बदलणे त्याच्या हातात उरत नाही. मग तो लांब उतरतो, मोठा वळसा घेतो किंवा मागच्या पायांनी दांडा पाडतो. पडलेल्या दांड्यांपैकी पुष्कळसे उशिरा मिळालेल्या इशाऱ्यामुळे पडतात, हे चित्रीकरण संथ गतीने पाहिल्यावर स्पष्ट दिसते.

एका बैठकीत दहापंधरा मिनिटांहून अधिक सराव घेऊ नये आणि उड्यांचा सराव रोज नसावा. कुत्र्याचे अंग मुख्यतः धापेवाटे थंड होते, म्हणून उन्हाच्या वेळा टाळाव्यात. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ दाट झाली किंवा चाल अडखळू लागली, तर तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि पशुवैद्यांना गाठावे.

पायरी ६ : स्पर्धेचा दिवस

नाव नोंदवण्यापूर्वी त्या संघटनेची नियमावली पूर्ण वाचावी, कारण उड्यांची उंची, खांद्यापर्यंतच्या मापावरून ठरणारे गट आणि गळपट्टा घालण्याची मुभा सगळीकडे सारखी नसते. एफसीआयच्या नियमांत दांडा पाडणे, रंगीत पट्टा चुकवणे आणि अडथळा नाकारणे (त्याच्यापुढे थांबणे किंवा त्याला टाळून पुढे जाणे) यांचे प्रत्येकी ५ दोष असतात. तीन वेळा नकार झाला किंवा क्रम चुकून दुसराच अडथळा घेतला, तर जोडी बाद होते. अमेरिकन केनेल क्लबच्या आज्ञापालनात २०० पैकी किमान १७० गुण आणि शिवाय प्रत्येक व्यायामात निम्म्याहून अधिक गुण मिळवावे लागतात. त्यामुळे एक व्यायाम पूर्ण फसला, तर बाकीचे उत्तम असूनही उपयोग होत नाही.

शर्यतीपूर्वी हँडलरांना कुत्र्याशिवाय मांडणी चालून पाहण्यासाठी मोजकी मिनिटे मिळतात. पहिल्या फेरीत फक्त क्रम पाठ करावा. दुसऱ्या फेरीत कुत्र्याच्या नजरेच्या उंचीवर वाकून पाहावे, कारण आपल्याला स्पष्ट दिसणारा अडथळा त्याच्यासाठी बोगद्यामागे लपलेला असू शकतो. तिसऱ्या फेरीत प्रत्यक्ष धावत, हात करत, बाजू बदलत जावे.

कुत्र्याला शर्यतीआधी पाचदहा मिनिटे चालवून, हलके धाववून आणि एकदोन कमी उंचीच्या उड्या देऊन अंग मोकळे करून द्यावे. रिंगणात तो अचानक जमीन हुंगू लागला, जांभया देऊ लागला किंवा अंग खाजवू लागला, तर तो खोडकरपणा नसून बहुतेक वेळा ताण असतो. अशा वेळी आवाज चढवू नये. सोपा अडथळा दाखवावा आणि शक्य तितक्या आनंदाने बाहेर पडावे. पहिल्या काही स्पर्धा तर नुसत्या परक्या जागेची सवय व्हावी म्हणूनच खेळाव्यात, आणि त्याही आधी दोनतीन स्पर्धांना कुत्र्याला घेऊन केवळ बाजूला बसून यावे.

शर्यत संपताच, निकाल काहीही असो, रिंगणाबाहेर ठेवलेला खाऊ त्याला आधी द्यावा. श्वास स्थिर होईपर्यंत त्याला चालवावे, पाणी थोडेथोडे पाजावे आणि पायांवरून, पंजांवरून हात फिरवून कुठे दुखत नाही ना ते पाहावे. मग वही काढून दांडा पडला तेव्हा आपण कुठे उभे होतो, आपले खांदे कुणीकडे होते आणि इशारा केव्हा दिला, एवढे लिहून ठेवावे आणि पुढच्या आठवड्याचा सराव त्याच वळणापासून सुरू करावा.