डिग्री झाली, माईक गेला: खान्देशात राहून स्लॅम कसं चालू ठेवायचं

कॉलेजात स्त्री-पुरुष समानतेवर स्लॅम, म्हणजे स्टेजवर कविता सादर करायची स्पर्धा, करताना सगळं फुकट मिळत असतं हे तेव्हा कळत नाही. हॉल, माईक, युवारंगचं, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचं, स्टेज, आणि मेन म्हणजे समोर बसलेली पोरं ज्यांना स्त्री-पुरुष समानता आधीच पटलेली असते, निदान टाळ्या वाजवण्याइतकी तरी. टीवाय संपलं की हे सगळं जातं आणि घरी सुरू होतं की एमपीएससी का बीएड, आणि मुलगी असशील तर लग्नाचा बायोडाटा कधी करायचा. पुण्याला जाऊन ओपन माईक करणं हा रस्ता आहेच, पण हे ज्यांना जळगाव-धुळे-नंदुरबारातच राहायचंय किंवा राहावं लागतंय त्यांच्यासाठी.

आधी पगाराचं बघ. क्लासेसवर शिकव, बँकेत लाग, एमआयडीसीत अकाउंट्स सांभाळ, काहीही, फक्त रविवार मोकळा ठेव. इकडे कवितेवर घर चालत नाही, विषय संपला.

आता स्टेज. कोणी बोलवेल म्हणून थांबू नको, स्वतःच कर. जागेसाठी कॅफेच्या आधी वाचनालयात विचार, जळगावात व. वा. वाचनालय, धुळ्यात गरुड वाचनालय, अमळनेरला साने गुरुजी ग्रंथालय, अशी जुनी वाचनालयं जवळपास प्रत्येक तालुक्याला आहेत आणि तिथल्या काकांना तरुण पोरं आली की आनंदच होतो. शिवाय 'वाचनालयात कार्यक्रम आहे' म्हटलं की घरून मुलींना सोडतात, कॅफे म्हटलं की नाही सोडत. चुकीचं आहे ते, पण पहिला कार्यक्रम तर होऊ दे.

वेळ हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि बहुतेक आयोजक पोरं इथेच माती खातात. संध्याकाळी सातला ठेवलं की चोपड्याची, एरंडोलची, पारोळ्याची मुलगी येऊच शकत नाही, कारण परतीची एसटी. मग स्टेजवर सहा पोरं उभी राहून स्त्रियांच्या दुःखावर कविता म्हणतात आणि समोर पण पोरंच. दुपारी दोनला सुरू, साडेचारला बंद, बस स्टँडपासून चालत जाता येईल अशी जागा. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पोस्टरवर कोणत्या गावाला किती वाजता बस आहे तेच छाप, लई फरक पडतो. आणि एप्रिल-मे टाळ भो, ४४ डिग्रीत दुपारी कोणी येत नसतं. दिवाळीनंतर ठेव, फक्त लग्नतिथी बघून.

नियम साधे आहेत. शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या माणसाने ८० च्या दशकात स्लॅम सुरू केलं, तो बांधकामावर काम करायचा, आणि कविता प्राध्यापकांच्या हातातून काढून समोर बसलेल्यांच्या हातात द्यायची हाच त्याचा डाव होता. स्वतःचीच कविता, तीन मिनिटं, वर दहा सेकंद सूट, सोबत वाद्य नाही, वस्तू नाही. प्रेक्षकांतलेच पाच जज, प्रत्येकी दहापैकी मार्क, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी काढून टाकायचा, उरलेल्या तिघांची बेरीज, म्हणजे तीसपैकी. जज म्हणून मराठीचे सर नको बसवू. कोणाची तरी मावशी, वाचनालयातले शिपाई काका, रिक्षावाले दादा. मावशीने चार मार्क दिले तर ती कविता तिच्यापर्यंत गेली नाही, घरी जाऊन परत लिही.

लिहिताना 'नारी', 'अबला', 'तू दुर्गा तू चंडी' हे सगळं कॉलेजातच सोडून ये. इकडे विषयांची काय कमी आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या सहा वर्षांच्या आतल्या, राज्याचा आकडा ८९४. कापूस वेचायला बायका, विकून आलेले पैसे मोजायला माणसं. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, तरी हक्कसोडपत्रावर सही करून बहीण माहेरी येत राहते, कारण सही नाही केली तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावणार कोण? आखाजीवरच एक अख्खी कविता होते खरं तर. बायकांना झोके आणि गाणी, पुरुषांना पत्ते, आणि त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, नवीन साल ठरतं, पण सालदाराची बायको तिथे वर्षभर राबते तिचं काय ठरतं ते विचार. एका कवितेत आकडा एकच घाल, दोन घातले की भाषण होतं.

अहिराणी, लेवा, तावडी, घरी जे बोलता त्यातच म्हण. रील्समुळे आपली बोली म्हणजे कॉमेडी असं झालंय, पहिल्या दोन ओळींना लोक हसतीलच, हसू दे, थांब, आणि मग तिसरी ओळ टाक. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरकाम-शेतकाम करता करता त्यांनी जे रचलं ते त्या गेल्यावर १९५२ ला छापून आलं, आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. 'हे स्लॅम-बिम आपलं नाही' म्हणणाऱ्याला एवढं सांगून पुढे जा, वाद घालू नको.

मुलांसाठी एक वेगळं. मुलीच्या आवाजात 'मी ती बोलतेय' टाइप कविता प्लीज नको. जेवल्यावर ताट न उचलणाऱ्यावर लिही, तुला आतलं माहिती आहे.

व्हिडिओ परवानगीशिवाय नाही, हे सुरुवातीलाच माईकवर सांग, कारण अर्ध्या मुलींनी घरी सांगितलेलं नसतं. आईची, मैत्रिणीची गोष्ट वापरायची तर आधी तिला ऐकव. कमेंटमध्ये कोणी घाण केली तर डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट आणि लिंक सेव्ह कर, धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाक. आणि नोकरीच्या जागी लैंगिक त्रास झाला तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त लोकांच्या ऑफिसात अंतर्गत समिती लागते, त्याहून छोटं असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. स्टेजवर समानता आणि क्लासवाल्या सरांपुढे गप्प, असं नको व्हायला.

३ जानेवारी आणि ८ मार्चला सगळे बोलावतील. शाल, श्रीफळ, बुके. आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून विचार, प्रवासखर्च किती आणि मानधन किती, तोंडी नाही. आणि शाळावाले असतील तर म्हण, मार्चला येते पण जुलैत आठवी-नववीची दोन तासांची कार्यशाळा पण द्या, मुलं-मुली एकत्र बसवून. खरं काम तिथे होतं.

राहता राहिला बायोडाटा. नातेवाईक म्हणतील कविता काढून टाक, स्थळं कायले बिचकवतेस. मी म्हणते छंदाच्या रकान्यात सरळ लिही, 'स्टेजवर कविता सादर करते, महिन्यातून एक रविवार घरी नसते.' ज्यांना चालणार नाही ते फोनच करत नाहीत, पोहे करायचे वाचतात.