शटर बंद ठेवण्याआधी फ्रॅन्चायझीचा करार वाचा, या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि सयाजीगंज, फतेगंज, अकोटा भागातली कितीतरी दुकानं बंद पडली. स्वतःचं दुकान असलेला माणूस गाळ उपसतो, माल वाळवतो आणि जमेल तेव्हा शटर उघडतो. फ्रॅन्चायझी घेतलेल्याचं तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या करारात बहुधा एक कलम असतं: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय आउटलेट सलग अमुक दिवस बंद राहिलं, तर तुम्ही धंदा सोडून दिला असं धरलं जाईल. मग सुधारण्याची मुदत न देताही करार रद्द होऊ शकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फोनवर भागवणं. ‘एरिया मॅनेजरना सांगितलंय, ते म्हणाले काळजी नको.’ मॅनेजर उद्या नोकरी बदलेल, करार मात्र लेखी सूचनाच मागेल. म्हणून दुकान बंद झालं त्याच दिवशी, किंवा वीज-नेट येताच, ईमेल करा आणि करारात सूचनेसाठी दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टही पाठवा. बंद कधीपासून, कशामुळे, नुकसान काय आणि उघडायचा अंदाज कधीचा, एवढं त्यात हवंच. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो जोडा. तारीख पुढे गेली तर पुन्हा कळवा. नैसर्गिक आपत्तीच्या कलमात कळवायची मुदत अनेकदा फार थोडी असते आणि ती चुकली की सवलतही हातची जाते.

भारतात फ्रॅन्चायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, मुख्यतः यावरच सगळं ठरतं. करारात आपत्तीचं कलम असेल तर कोर्ट आधी तेच बघतं. ते नसेल तर कायद्याचं कलम ५६ आहे, पण त्यासाठी करार पाळणं अशक्य झालेलं असावं लागतं. खर्च वाढला, धंदा परवडेना, एवढ्याने करार सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘पुरानंतर गिऱ्हाईक येत नाही’ म्हणून बंद ठेवलेले दिवस पुराच्या खात्यात धरू नका.

दुकान बंद म्हणजे नाव वापरण्यासाठी कंपनीला द्यायची रॉयल्टीही बंद, हाही गैरसमजच. पैसे देण्याची जबाबदारी अनेक करारांत आपत्तीच्या कलमातून मुद्दाम वगळलेली असते. किमान रॉयल्टी ठरलेली असेल तर माफी लेखी मागा आणि लेखीच घ्या. जागेचं भाडंही आपोआप थांबत नाही.

विम्याबाबतची फसगत मला सर्वांत जास्त टोचते, कारण ती हप्ता नियमित भरणाऱ्यांचीच होते. आग-पुराची पॉलिसी फर्निचर आणि मालाचे पैसे देते, बुडालेल्या नफ्याचे नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि तेही साधारणपणे विमा उतरवलेल्या मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तरच लागू होतं. रस्ता पाण्याखाली, दुकान कोरडं, अशा वेळी साधी पॉलिसी हात वर करते. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला येण्याआधी खराब माल फेकून देऊ नका.

शेवटी कंटाळून किल्ली टाकून निघून जाणारे. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते आणि भरपाई वाजवी तेवढीच मिळते. म्हणून डिपॉझिट जप्त झाल्याचं पत्र आलं की गप्प बसू नका, हिशोब मागा. मात्र त्याच गाळ्यात दुसरा बोर्ड लावून तोच धंदा सुरू करण्याची घाईही नको. करार चालू असताना स्पर्धक धंदा न करण्याची अट वैध असते, असं १९९५ च्या गुजरात बॉटलिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. आधी करार संपल्याचं लेखी पत्र, मालाची आणि बोर्डाची परतपावती हातात घ्या, मगच नवा बोर्ड लावा.