पुण्याहून क्रूझला निघताना: जहाजात चढण्याआधीची मुंबई

मुंबई काय, तीन तासांवर! पुणेकरांचा हिशेब इथेच चुकतो. क्रूझच्या कागदांवर दोन वेळा असतात, एक जहाज सुटण्याची आणि दुसरी चेक-इन बंद होण्याची. तुमच्या कामाची दुसरी. ती साधारणपणे जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधीची असते आणि उशिरा पोहोचलेल्यासाठी दार उघडत नाहीत. म्हणून चेक-इन बंद होण्याच्या दोन तास आधी बंदराच्या गेटवर पोहोचायचं असं धरा आणि तिथून उलटं मोजत या. मध्ये जे उरेल ते मुंबई बघायला.

या दिवशी एक्सप्रेसवेच्या भरवशावर राहू नका. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की अर्धा दिवस गेला. रेल्वे बरी. सिंहगड एक्सप्रेस पुण्याहून पहाटे ६.०५ ला निघून दहाच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते, डेक्कन क्वीन ७.१५ ला निघून १०.२५ ला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे क्रूझचं बुकिंग झालं की त्याच आठवड्यात रेल्वेचंही उरका. वेळापत्रक बदलतं, ते आदल्या दिवशी पुन्हा बघा. चेक-इन बाराच्या आत बंद होत असेल, तर मात्र आदल्या संध्याकाळीच जाऊन फोर्टात मुक्काम करा.

घर सोडण्याआधी नवरा-बायको दोघांचीही मूळ ओळखपत्रं तिकिटाशी ताडून पाहा. नेहमीचा घोळ बायकोच्या नावाचा: बुकिंग सासरच्या आडनावाने आणि आधार कार्ड माहेरच्या. हे गेटवर कळलं तर फार धावपळ होते, आठवडाभर आधी कंपनीला कळवलं तर नाव दुरुस्त होऊ शकतं. जहाज परदेशी बंदराला जाणार असेल, तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. दिवस गेलेले असतील तर कंपनीची अट वाचा. २४ आठवड्यांपुढे बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात.

सामानाच्या दोन बॅगा करा. मोठी बॅग बंदरावर दिली की केबिनपर्यंत यायला कित्येक तास लागतात. औषधं, ओळखपत्रं, चार्जर, संध्याकाळचे कपडे हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, चहाची किटली, एक्स्टेंशन बोर्ड घरीच ठेवा, आगीच्या भीतीने ते तपासणीत काढून घेतात. मद्यही तसंच. डबाभर चकल्या नेण्याआधी बाहेरच्या खाण्याबद्दलचा कंपनीचा नियम वाचा.

सीएसएमटीला उतरलात की आधी मोठ्या बॅगा क्लोकरूममध्ये टाका. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट मागतात. चेन असलेल्या बॅगेला छोटं कुलूप पुण्यातूनच लावून आणा, पावती जपून ठेवा. चाकांची बॅग ओढत फोर्टातल्या फुटपाथवरून फिरायची हौस पहिल्या दहा मिनिटांत फिटते.

आता मोकळ्या हातांनी निघा. समोर ‘आराम’ हॉटेलचा वडापाव आहे, एक खा, दोन नको. बोरीबंदरची, म्हणजे सीएसएमटीचीच, इमारत १८८८ ची, वास्तुरचना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. तिच्या मागच्या अंगाला जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी आहे. त्याचा घुमट पाहून विजापूरचा गोलघुमट आठवला तर ते बरोबरच आहे, तोच नमुना होता. शहीद भगतसिंग मार्गाने चालत गेलात तर वीसेक मिनिटांत हॉर्निमन सर्कल येतं. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या तीस पायऱ्यांवर पाच मिनिटं टेका, ही टाउन हॉलची इमारत १८३३ ची. पलीकडेच १७१८ चं सेंट थॉमस कॅथीड्रल आहे.

इथून गेटवेला टॅक्सी करा. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत त्या चालतच नाहीत. काळी-पिवळी मीटरने घ्या, भाडं जवळचं म्हणून एखादा नाही म्हणेल, तर पुढचा विचारा. वाटेत लायन गेटजवळ नौदलाची हद्द लागते, तिथे फोटो काढू नका. गेटवे १९२४ साली खुला झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी तिथूनच गेली. अर्धा तास पुरे. समोर लाँच उभ्या दिसतात आणि घारापुरीचा मोह होतो, तो आवरा. जायला एक तास, यायला एक तास, वर लेण्यांच्या पायऱ्या, शिवाय सोमवारी लेणी बंद. जहाज पकडायच्या दिवशी हा बेत नकोच. जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही दोन तास लागतात, तेही दुसऱ्या खेपेला.

वेळ उरवायचा तो बॅलार्ड इस्टेटसाठी, कारण तुमचं जहाज ज्या बंदरातून सुटतं, त्याच बंदराचं हे अपत्य. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून ही जमीन समुद्रातून मिळवली. इमारती १९१४ ते १९१८ च्या दरम्यान उभ्या राहिल्या. आराखडा जॉर्ज विटेटचा, गेटवे रचणारा तोच. नाव बॉम्बे पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचं. इमारती एका उंचीच्या, रस्ते सावलीचे, भर दुपारीही चालवतात. रविवारी कचेऱ्या बंद असल्याने शांतता भरपूर, पण मग १९२३ पासूनचं ब्रिटानिया हे पारशी उपाहारगृहही बंद. इतर दिवशी ते फक्त दुपारचं असतं. बेरी पुलाव दोघांत एक घ्या, वर कॅरॅमल कस्टर्ड. रांग टाळायची तर बाराच्या आत जा, रोख पैसे जवळ असू द्या. पोट तुडुंब भरून जहाजावर चढू नका. बोट लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

जेवण झालं की टॅक्सीने सीएसएमटी, बॅगा, आणि त्याच टॅक्सीने ग्रीन गेट. अंतर दीडेक किलोमीटर. मुंबई बंदराची दारं रंगांच्या नावांनी ओळखली जातात: ग्रीन, रेड, यलो, ऑरेंज. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘डॉक’ म्हणालात तर तो भाऊच्या धक्क्याकडेही नेऊन सोडेल. बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलसाठी ‘ग्रीन गेट, बॅलार्ड इस्टेट’ असं पूर्ण सांगा आणि आधी बोर्डिंग पासवर गेटचं नाव वाचा, कारण सगळी जहाजं एकाच ठिकाणी लागत नाहीत. वेब चेक-इन केलं नसेल तर ते टॅक्सीत नव्हे, आदल्या दिवशी घरीच करा. बॅगेवर लावायच्या नावाच्या पट्ट्याही छापून, टेपने घट्ट चिकटवून आणा, स्टेपलची पिन ओढाओढीत निघते. आत बंदराचे आणि कस्टमचे फोटो काढू नका.

जहाजावर पाऊल ठेवलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येतं. सुटण्याआधी किंवा सुटताच सुरक्षा कवायत होते. २०१२ च्या कोस्टा काँकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर हा नियम कडक झाला. तिला दांडी मारता येत नाही, त्या वेळी डेकवर सेल्फी काढत बसू नका.

परतीचं तिकीटही आताच काढून ठेवा. जहाज सकाळी लागतं, सामान घेऊन बाहेर यायला दुपार होऊ शकते. सकाळच्या गाड्या तोवर गेलेल्या असतात. प्रगती ४.२५ ला आणि डेक्कन क्वीन ५.१० ला सीएसएमटीहून सुटते. थांबायचं नसेल तर दादरहून शिवनेरी.