कणात अमाइन सापडलं, पण बंध जुळला का?

हवेत तरंगणाऱ्या कणात अमाइन (अमोनियासारखं नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुग) सापडलं की ‘अभिक्रिया झाली’ असं लगेच वहीत लिहू नका. सुरुवातीला मी तेच केलं होतं. वस्तुमान वर्णपटात नायट्रोजन दिसला आणि नवं संयुग मिळालं असं मी धरून चालले. तो नुसता क्षार निघाला.

हवेतल्या सेंद्रिय कणात अमाइनपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. कार्बॉक्सिलिक आम्ल भेटलं तर प्रोटॉन घेऊन क्षार. हे झटपट होतं आणि उलटंही फिरतं. अल्डिहाइड भेटलं तर पाण्याचा रेणू बाहेर पडून इमाइन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचं नवं संयुग. ग्लायॉक्सल (दोन अल्डिहाइड गटांचा लहान रेणू) असेल तर त्याच्याही पुढे इमिडाझोल (नायट्रोजन असलेलं वलयी संयुग) आणि तपकिरी, मोठाले रेणू. ते सूर्यप्रकाश शोषतात, म्हणून माझा जीव या दुसऱ्या वाटेत अडकलाय.

ती डोळ्यांनी बघता येते. फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, मिथिलअमाइनचं विरल द्रावण बर्फात ठेवा आणि थेंबथेंब विरल सल्फ्युरिक आम्ल घालत पीएच ५ वर आणा. मगच ग्लायॉक्सल घाला. शेजारी नुसत्या ग्लायॉक्सलची आणि नुसत्या अमाइनची बाटली हवीच, पीएच तोच. तिन्हींना फॉइल गुंडाळा.

आता धीर धरा. मिथिलअमाइनच्या संयुग्मी आम्लाचा (प्रोटॉन घेतलेल्या रूपाचा) पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो, १०.६; म्हणजे पीएच ५ ला साधारण चार लाख रेणूंमागे एकच मोकळा, प्रोटॉन नसलेला, आणि हल्ला करतो तो मोकळाच. बाटलीत रंग चढायला दिवस लागतात. त्याच द्रावणाचा एक थेंब काचेवर वाळू द्या. पाणी उडतं, सगळं दाटतं, आणि बाटली फिकट असतानाच थेंबाची कड तपकिरी होऊ लागते. वाळणाऱ्या ढगाच्या थेंबातही हेच घडतं.

क्षार ओळखायला नुसत्या अमाइनच्या बाटलीतलं थोडं द्रावण घेऊन त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घाला, तोंडावर ओला लाल लिटमस धरा. अमाइन सुटून कागद निळा होतो. ग्लायॉक्सलच्या मिश्रणावर मात्र ही कसोटी लावू नका. पीएच चढला की मोकळं झालेलं अमाइन ग्लायॉक्सलवर तुटून पडतं आणि रंग कसोटीमुळेच वाढतो.

शेवटी ट्रायमिथिलअमाइन घेऊन सगळं पुन्हा करा. त्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नाही. क्षार बनेल, इमाइन नाही.