टेस्ट केसेस एकमेकांना देताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी ऐरोलीच्या टीमने लिहिलेल्या सुमारे तीनशे टेस्ट केसेस, म्हणजे ॲपमध्ये काय करून पाहायचे आणि काय दिसले पाहिजे याच्या नोंदी, एका एक्सेल शीटमधून आमच्याकडे, मालाडच्या ऑफिसात, आल्या. काम पैसे पाठवण्याच्या एका ॲपचे होते आणि दोन्ही टीमनी तेच तेच दोनदा लिहू नये, हा विचार अगदी योग्य होता. शीट देखणी होती. क्रमांक, पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्राधान्य, सारे जागच्या जागी होते. पहिल्याच आठवड्यात तिच्यातल्या बऱ्याच केसेस फेल झाल्या आणि शोध घेतल्यावर त्यांपैकी एकीमागेही बग, म्हणजे ॲपमधला दोष, निघाला नाही. पुढे मात्र एक खरा बग थेट ग्राहकापर्यंत पोहोचला, आणि ज्या केसने तो अडवायला हवा होता ती त्या रिलीजच्या दिवशी पास झालेली होती.

दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते. केस का लिहिली, लिहिताना काय गृहीत धरले आणि कोणता बग पकडण्यासाठी ती उभी केली, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. शीटमध्ये उतरतात त्या फक्त पायऱ्या. एकाच टीममध्ये हे खपून जाते, कारण शंका आली तर शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारता येते. केस खाडीपलीकडच्या ऑफिसात गेली की ती सोय संपते, आणि आपण केस दिली असे समजतो तेव्हा प्रत्यक्षात तिचे टरफल दिलेले असते.

आकडा लिहिला, नियम लिहिला नाही

ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या त्या बगची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण ही चूक मला सर्वांत घातक वाटते. यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमा पिनशिवाय पाठवण्याची सोय, सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाले तेव्हा पिनशिवाय होणाऱ्या एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये होती. त्या काळात लिहिलेली केस अशी होती: ‘२०१ रुपये पाठवा, अपेक्षित निकाल, पिन मागितला पाहिजे.’ लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती मर्यादेच्या काठावरची केस होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मर्यादा ५०० रुपये झाली आणि आमच्या ॲपनेही ती स्वीकारली. साहजिकच २०१ रुपये पिनशिवाय जाऊ लागले आणि केस फेल झाली. आमच्यातल्या एका नव्या सहकाऱ्याने नियम तपासला, ॲपचे वागणे बरोबर असल्याची खात्री केली आणि अपेक्षित निकाल बदलून ‘पिन न मागता व्यवहार पूर्ण झाला पाहिजे’ असा केला. केस पुन्हा हिरवी, म्हणजे पास झाली.

त्या सहकाऱ्याने काहीही खोटे लिहिले नव्हते, तरी त्या क्षणापासून ती केस निरुपयोगी झाली होती. २०१ ही रक्कम आता काठावर उरली नव्हती, ती मधोमध आली होती. ५०० च्या काठावर मात्र कोणीच उभे नव्हते, आणि नेमकी तिथेच गडबड होती. मर्यादा बदलताना तुलनेचा कोड नव्याने लिहिला गेला होता आणि त्यात रकमेतले पैसे कापले जात होते. म्हणून ५०० रुपये ५० पैसे ही रक्कम ५०० धरली जाऊन पिनशिवाय पुढे सरकत होती, नंतर अडत होती आणि ग्राहकाला नुसता ‘व्यवहार अयशस्वी’ एवढाच संदेश दिसत होता. डिसेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा १,००० रुपयांवर गेली, म्हणजे तीच चूक करण्याची आणखी एक संधी सगळ्यांना मिळाली.

दुसऱ्याला द्यायच्या केसमध्ये आकडा लिहू नये, त्याचे मर्यादेशी असलेले नाते लिहावे: मर्यादेपेक्षा एक पैसा कमी, बरोबर मर्यादा, आणि मर्यादेपेक्षा एक पैसा जास्त. मर्यादेचा चालू आकडा एकाच जागी, वेगळ्या तक्त्यात, तो कोणत्या परिपत्रकामुळे व कोणत्या तारखेपासून लागू आहे या नोंदीसह ठेवावा. त्याच्या जोडीला ‘हेतू’ नावाचा एक कॉलम असावा आणि त्यात एक पूर्ण वाक्य असावे. ‘मर्यादा तपासणे’ हे वाक्य नव्हे. ‘मर्यादेच्या लगेच वरची रक्कम पिनशिवाय निसटू नये’ हे वाक्य आहे, आणि ते वाचलेल्या माणसाच्या हातून २०१ चा अपेक्षित निकाल सहजासहजी बदलला जात नाही.

जुन्या घरचे गृहीत नव्या घरी

वापरून झालेली, भरवशाची वस्तू दुसरीकडे नेताना तिच्याबरोबर तिची गृहीतके गेली नाहीत तर काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत आणि सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, रॉकेट मार्ग सोडून फुटले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतले सॉफ्टवेअर एरियन ४ वरून आणलेले होते आणि तिथे ते उत्तम चालले होते. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. पण एरियन ४ च्या मार्गावर ती तेवढी मोठी होतच नसे, म्हणून तिथे संरक्षण घातलेले नव्हते. एरियन ५ सुरुवातीपासूनच अधिक आडव्या वेगाने जाणारे होते. राखीव यंत्रणाही होती. तिच्यात तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली.

टेस्टरने यातून दोन गोष्टी उचलाव्यात. एक म्हणजे एरियन ५ च्या मार्गाची आकडेवारी त्या यंत्रणेच्या चाचण्यांत घातलेलीच नव्हती. चाचण्या झाल्या, पण नव्या घरच्या परिस्थितीत झाल्या नाहीत. दुसरी गोष्ट राखीव यंत्रणेची. दोन टीमनी अक्षरशः त्याच केसेस चालवल्या तर तपासणी दुप्पट होत नाही, दोघांना दिसत नाही ती जागा मात्र एकच होते. म्हणून केस देणाऱ्याने ‘गृहीत’ नावाचाही एक कॉलम भरावा, उसनी केस घेणाऱ्या टीमने ती चालवण्याआधी तो वाचून प्रत्येक ओळीपुढे ‘आमच्याकडे लागू’ किंवा ‘लागू नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहावे, आणि कॉलम रिकामा असेल तर केस परत पाठवावी. परत पाठवणे उद्धटपणाचे वाटते, हे मला ठाऊक आहे. तरी पाठवावी.

नेटवर्क बंद म्हणजे नेमके काय?

पायऱ्यांतली संदिग्धता ही चूक वरवर किरकोळ दिसते. आमच्या शीटमध्ये ‘नेटवर्क नसताना पैसे पाठवून पाहा’ अशी एक केस होती. ऑफिसात बसलेला टेस्टर फोन फ्लाइट मोडवर टाकतो, ॲप ताबडतोब ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असे सांगते आणि केस पास होते. पण संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये घडते ते वेगळेच: फोनवर सिग्नलच्या दांड्या दिसत असतात, विनंती निघून जाते आणि उत्तर परत येत नाही. अशा वेळी ॲप किती वेळ थांबते, पुन्हा प्रयत्न करते का, आणि केला तर तोच व्यवहार क्रमांक वापरते की नवा, यावर ग्राहकाच्या खात्यातून पैसे एकदा जाणार की दोनदा हे ठरते. या एका ओळीच्या निदान तीन केसेस व्हायला हव्यात: विनंती निघण्याआधी नेटवर्क जाणे, निघाल्यानंतर उत्तर येण्याआधी जाणे, आणि उत्तर फार उशिरा येणे.

अपेक्षित निकालात ‘व्यवस्थित’, ‘योग्य’, ‘नीट’ हे शब्द आले की केस उसनी देण्याजोगी नाही असे खुशाल समजावे. ‘योग्य संदेश दिसला पाहिजे’ याऐवजी संदेश शब्दशः लिहावा.

केसपेक्षा डेटा मोलाचा

माझे मत विचाराल तर टीमनी एकमेकांना आधी टेस्ट डेटा द्यावा आणि मग केसेस. पायऱ्या कोणीही अर्ध्या तासात लिहू शकतो. पण कुठे अडखळते हे दाखवणारी नावे, पत्ते आणि रकमा अनुभवानेच जमतात. ‘टेस्ट टेस्ट’ किंवा ‘एबीसी’ या नावाच्या ग्राहकाने आजवर कुठलाही बग पकडलेला मला आठवत नाही.

मराठी नावांचेच पाहा. ‘क्षितिज’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकनाच्या, हिशेबाने ते सात संकेतांचे आहे आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत एकवीस बाइट घेते. नावाच्या रकान्याची मर्यादा स्क्रीनने एका हिशेबाने आणि डेटाबेसने दुसऱ्या हिशेबाने मोजली, तर लांब नाव मध्येच तुटते, आणि तेही एखाद्या जोडाक्षराच्या पोटातून. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव तर याहून चलाख आहे. त्यातला अर्धा ‘र’ एका कीबोर्डवर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून तयार होतो आणि दुसऱ्यावर साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे. शोधताना मात्र एकाने साठवलेले आडनाव दुसऱ्याला सापडत नाही. ही दोन नावे आमच्या सामायिक यादीत गेल्यापासून तीन वेगवेगळ्या टीमना त्यांचा उपयोग झाला आहे आणि त्यासाठी एकही केस नव्याने लिहावी लागली नाही.

बँकेची शाखा ओळखणाऱ्या आयएफएससीचेही तसेच आहे. हा संकेतांक ११ स्थानांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या स्थानी शून्य आणि शेवटची सहा स्थाने शाखेची. यादीत पाचव्या स्थानी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टंकलेला एक नमुना हवाच, कारण पासबुकावरून उतरवून घेणारी माणसे हीच चूक करतात.

एक गोष्ट मात्र कधीही वाटू नये: प्रोडक्शनमधून, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू यंत्रणेतून, उचललेली खऱ्या ग्राहकांची माहिती. ‘फक्त दहा ओळी आहेत’, ‘आपल्याच कंपनीत तर द्यायची आहे’ ही कारणे मी अनेकदा ऐकली आहेत. शीट मेलमधून एकदा निघाली की तिच्या किती प्रती झाल्या हे कोणालाच सांगता येत नाही, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आल्यानंतर हा केवळ सभ्यतेचा प्रश्न उरलेला नाही. नमुना घ्यावा तो माहितीच्या आकाराचा, माणसाचा नव्हे.

त्यांच्याकडे पास, आमच्याकडे फेल

एखादी केस त्यांच्याकडे पास आणि आमच्याकडे फेल झाली की लगेच बग नोंदवू नये आणि केसही बदलू नये. आधी ती केस एकटी चालवून पाहावी. आमच्या पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक फेल केसेसचे कारण असे निघाले की केस क्रमांक ४७ मध्ये तयार झालेला ग्राहक ४८ ते ६० मध्ये गृहीत धरलेला होता, आणि आम्ही सोयीसाठी क्रम बदलला होता. प्रत्येक केसने आपल्याला लागणारा ग्राहक स्वतः तयार करावा आणि शेवटी स्वतः पुसावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण केस कुठेही उचलून नेता येते.

एकटी चालवूनही फेल होत असेल तर घड्याळ पाहावे. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सर्व्हर यूटीसीवर असेल तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी ‘आज’ म्हणजे आपला काल असतो. रात्रीचे रिग्रेशन, म्हणजे जुन्या केसेसची फेरतपासणी, नेमके याच वेळात चालते, म्हणून दिवसा हाताने पास होणारी केस रात्री आपोआप चालताना फेल होते आणि सकाळी कोणी पाहिले की पुन्हा पास होते. अशा केसला ‘लहरी’ म्हणून बाजूला टाकण्याची पद्धत आहे. ती बहुधा लहरी नसते. ग्राहकालाही रात्री दोन वाजता व्यवहारावर चुकीची तारीख दिसत असते. दोन्हीकडे बिल्ड, म्हणजे ॲपची आवृत्ती, आणि डेटा एकच आहे का हे पाहावे, हे मी वेगळे सांगत नाही.

मेलेल्या केसेस

रविवारी केलेली एनईएफटी सोमवारी जमा झाली पाहिजे, अशी एक केस मी गेल्या वर्षापर्यंत एका सामायिक संचात पाहत होतो. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सर्व दिवस चालते. केस दर रिलीजला ‘लागू नाही’ असा शेरा मारून पुढे ढकलली जात होती, कारण ती आपली नाही असे प्रत्येक टीमला वाटत होते. सामायिक संचातल्या प्रत्येक केसला एक मालक असावा. टीमचे नाव पुरत नाही, माणसाचे नाव लागते, आणि तो माणूस काम सोडून गेला की जबाबदारी त्याच दिवशी दुसऱ्याकडे सोपवावी.

याच्या उलट दिशेची चूक म्हणजे संच गोठवून ठेवणे. सॉफ्टवेअर चाचणीवर लिहिणारे बोरिस बायझर यांनी १९९० मध्ये याला कीटकनाशकाची उपमा दिली होती: त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या की त्यांना बळी पडणारे बग संपतात आणि न पडणारे मागे राहतात. म्हणून प्रोडक्शनमध्ये सापडलेला प्रत्येक बग बंद करण्यापूर्वी त्याची केस सामायिक संचात गेली आहे का, हे डेव्हलपरने विचारायचे आणि टेस्टरने दाखवायचे, असा साधा नियम आम्ही केला. शीटच्या प्रती काढणेही बंद केले. संच आता गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, एकाच जागी आहे आणि अपेक्षित निकालातला कोणताही बदल दुसऱ्या टीममधल्या एका टेस्टरने पाहिल्याशिवाय आत जात नाही. २०१ रुपयांच्या त्या केसचा क्रमांक आम्ही तोच ठेवला आहे. तिच्या हेतूच्या कॉलममध्ये आता चार ओळी आहेत आणि त्यांतली शेवटची ओळ त्या वेळी अपेक्षित निकाल बदलणाऱ्या सहकाऱ्यानेच लिहिलेली आहे: ‘ही केस फेल झाली तर निकाल बदलण्यापूर्वी काठ कुठे सरकला ते शोधा.’