जमीन खचली की काळी माती तडकली? भुयारी खाणीवरच्या मोजणीत या चुका टाळा

चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात भुयारी खाणीवरची जमीन किती खचली हे मोजताना सगळ्यात जास्त गफलत काळ्या मातीमुळे होते. उन्हाळ्यात ती सुकून तडकते, पावसाळ्यात फुगते. तिच्यात हातभर खड्डा खणून बसवलेला सर्व्हे पिलर वर-खाली होतो आणि कागदावर जमीन खचल्याचं दिसतं, कधी चक्क वर आल्याचंही! पिलरचा पाया मुरुमापर्यंत न्या. पहिली लेव्हल (पिलरच्या उंचीची मोजणी) डिपिलरिंग, म्हणजे खाणीतले कोळशाचे आधारखांब काढणं, सुरू होण्याआधीच घ्या. नंतर घेतलेल्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

बेंचमार्क, म्हणजे उंची मोजण्याचा स्थिर संदर्भबिंदू, ऑफिसजवळ सोयीचा असतो, पण ऑफिसच खचण्याच्या टप्प्यात असेल तर? ड्रॉचा कोन (खचण्याचा परिणाम बाहेर किती पसरतो ते सांगणारा, उभ्या रेषेपासूनचा कोन) 35 अंश धरला, तर 200 मीटर खोलीच्या पॅनेलचा, म्हणजे कोळसा काढायच्या भागाचा, परिणाम कडेबाहेर 140 मीटरपर्यंत जातो. बेंचमार्क त्याच्याही पुढे हवा.

नुसती लेव्हल घेऊन थांबू नका. पॅनेलच्या मध्यावर जमीन जास्त खचते, पण घरांना तडे जातात ते बहुधा कडेला, जिथे ती ताणली जाते. म्हणून पिलरमधलं अंतरही मोजा: 30 मीटरचं अंतर 6 सेंटीमीटरने वाढलं, म्हणजे दर मीटरला 2 मिलिमीटर ताण.

भेग कशाची, हे तिच्या चालीवरून कळतं. सुकलेल्या मातीच्या भेगा जाळीसारख्या पसरतात. खचण्याची भेग पॅनेलच्या कडेला धरून लांब पळते, बांध-रस्ताही कापते, आणि बऱ्याचदा तिची एक बाजू पायरीसारखी खाली बसते. दोन्ही बाजूंना लोखंडी गज ठोका, अंतर आणि उंचीतला फरक लिहून ठेवा, मगच भेग बुजवा. वरवर माती लोटली तर पहिल्याच पावसात ती आत जाते आणि मागोमाग पाणीही. कडा खोदून चिकणमाती थराथराने ठोकून भरा, वर उंचवटा ठेवा. थंडीत सकाळी भेगेतून वाफ येत असेल, तर ती गोफपर्यंत (कोळसा काढल्यावर छत कोसळलेल्या भागापर्यंत) पोचली असण्याची शक्यता मोठी. रॉकेलसारखा वास आला, तर आत कोळसा तापतोय. वाकून बघू नका, काडी तर नाहीच, आधी खाण व्यवस्थापनाला कळवा.

सॅटेलाइटच्या नकाशावरही डोळे मिटून विसंबू नका. उभ्या पिकात सेंटिनेल-1 या रडार सॅटेलाइटचा सिग्नल विस्कटतो. आणि उथळ जुन्या खाणकामांवर जमीन हळूहळू खचेलच असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला ऑगस्ट 2022 मध्ये अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. अशा ठिकाणी दर महिन्याच्या लेव्हलपेक्षा खाणीचे जुने नकाशे आजच्या वस्तीवर बसवून पाहणं आणि शंका येईल तिथे बोअर मारणं जास्त कामाचं.